छावणीतला हरिसिंग, घुमानचे नामदेव

औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात नंदी समोर नाही, पाठीमागं आहे. पहिल्यांदा आलेला माणूस गोंधळतो. मग कुणीतरी त्याला गोष्ट सांगतं: नामदेव महाराज कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना मागच्या बाजूला हाकललं, आणि देवानं देऊळच त्यांच्याकडे फिरवलं. आम्ही हिंगोलीची माणसं ही गोष्ट पाहुण्यांना इतक्यांदा सांगतो, की ऐकणाऱ्याला ती नवीच असणार असं धरून चालतो.

काही वर्षांपूर्वी नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचं दर्शन घेऊन आलेली पंजाबी यात्रेकरूंची बस औंढ्याला थांबली होती. पिकल्या दाढीचे एक सरदारजी नंदीपाशी उभे होते. मी हौसेनं त्यांना गोष्ट सांगायला घेतली. दोन वाक्यं झाली असतील, पुढची गोष्ट त्यांनीच पुरी केली. हाताला धरून उठवलं ते, जातीवरून हिणवलं ते, नामदेव पाठीमागं जाऊन बसले ते, सगळं. गुरदासपूर जिल्ह्यातले शेतकरी. महाराष्ट्रात आयुष्यात पहिल्यांदा आलेले. तुम्हाला हे कुणी सांगितलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "सांगायचं काय मास्टरजी, ये तो बाणी में है."

बाणीत आहे म्हणजे गुरू ग्रंथसाहेबात आहे. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथाचं संकलन केलं, त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत. देऊळ फिरल्याचा प्रसंग त्यातल्या पदांतून येतो, आणि तो नामदेव स्वतःच सांगतात, 'मी' म्हणून. ते देऊळ औंढ्याचं, असा उल्लेख पदांत नाही. तो धागा परंपरेनं जोडला आहे. पण हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीला जन्मलेला, शिंपी कुळातला, देवळातून उठवला गेलेला एक मराठी माणूस पंजाबच्या गावागावांत चारशेहून अधिक वर्षं रोज गायला जातो आहे. त्यांच्या ग्रंथात 'बीठल' हा शब्द आहे. ज्यानं पंढरपूर नकाशावरही पाहिलेलं नाही, त्याच्या तोंडी आपला विठोबा आहे. आणि १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी ज्या ग्रंथाला गुरुपद दिलं तो हाच ग्रंथ, आणि ती जागा नांदेड, म्हणजे आमच्या शेजारचाच जिल्हा.

नामदेवांचा जन्म १२७० चा मानतात. जन्मगाव नर्सीच की दुसरं, यावर अभ्यासकांत वाद झाले आहेत. नर्सीला कयाधूच्या काठी ज्यांची श्रद्धा आहे, त्यांना तो वाद महत्त्वाचा वाटत नाही. ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर ते उत्तरेकडे गेले आणि आयुष्याचा बराच काळ पंजाबात राहिले. बटाल्याजवळचं घुमान हे गाव त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. आपण म्हणतो, १३५० मध्ये त्यांनी पंढरपूरला महाद्वारात समाधी घेतली, ती नामदेवाची पायरी. घुमानची माणसं म्हणतात, त्यांनी देह ठेवला तो आमच्याकडे.

मला या दोन दाव्यांपेक्षा त्यांच्यामागची दोन चित्रं जास्त महत्त्वाची वाटतात. पंजाबच्या नामदेवांच्या आसपास जनाबाई नाही, गोरोबाकाका नाहीत, चंद्रभागेचं वाळवंट नाही. तिथले 'भगत नामदेव' कापडावर छाप काढणाऱ्या छीपा समाजातले आहेत, निर्गुणाकडे वळलेले आहेत. आपल्या नामदेवांना घुमानच नाही. शाळेच्या पुस्तकातून आपल्याला भेटतो तो देवाला जेवायला घालणारा लहान मुलगा, आणि फार तर भागवत धर्माची पताका पंजाबात नेली एवढं एक वाक्य. ती नेली म्हणजे नेमकं काय केलं, कुठल्या भाषेत बोलले, कुणाच्या घरी जेवले, ते आपण विचारलं नाही.

त्यांच्या हिंदी पदांची भाषा पाहिली की थोडंसं कळतं. ती तिथल्या लोकांच्या बोलीच्या जवळची आहे, तरी मधूनच मराठी शब्द, मराठी प्रत्यय डोकावतात. आपली भाषा घरी ठेवून दुसऱ्याच्या भाषेत सावकाश बोलणाऱ्या माणसाच्या जिभेवर असतात तसे. मुंबईला कामाला गेलेला आमच्या गावचा माणूस पहिली दोन-तीन वर्षं अशीच हिंदी बोलतो. दुसऱ्या समाजानं ही पदं स्वतःच्या धर्मग्रंथात घेतली याचं कारण त्यांचा आशय आहे, हे खरंच. पण ती त्यांच्या कानाला समजतील अशा बोलीत सांगितलेली होती, हेही तितकंच खरं आहे.

२०१५ च्या एप्रिलमध्ये ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं. सदानंद मोरे अध्यक्ष होते. तोवर महाराष्ट्रातल्या फार थोड्या लोकांनी या गावाचं नाव ऐकलं होतं. तिथं मराठी वाचक नाही, मग पुस्तकं कुणाला विकायची, म्हणून प्रकाशकांनी नाराजी दाखवली. त्यांच्या धंद्याच्या हिशेबानं ती चुकीची नव्हती. पण विशेष रेल्वेगाड्यांनी मराठी माणसं तिथं गेली, आणि आपल्या नामदेवांना कुणीतरी आपल्याहून निष्ठेनं सांभाळलं आहे, हे त्यांना दिसलं. सातशे वर्षांपूर्वीच्या एका प्रवासाची परतफेड व्हायला एवढा काळ लागला.

आता याच हिंगोलीतून बाहेर गेलेलं दुसरं चित्र.

हिंगोली निजामाच्या राज्यात होती आणि तिथं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबादी फौजेची छावणी होती. फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याचा या छावणीशी संबंध आला. १८०८ साली लिव्हरपूलला जन्मलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी मुंबईला एका व्यापाऱ्याकडे नोकरीला आला. तिथं काही जमलं नाही, म्हणून निजामाच्या नोकरीत शिरला. १८३९ साली लंडनला त्याची कादंबरी निघाली, 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'. अमीर अली नावाचा कैदेतला ठग एका साहेबाला आपली हकीकत सांगतो आहे, अशी तिची मांडणी. पुस्तक तुफान खपलं. इंग्लंडमधल्या हजारो घरांत हिंदुस्थानचं जे पहिलं ठसठशीत चित्र गेलं, त्यातलं हे एक.

या कादंबरीला प्रस्तावना आहे आणि त्या प्रस्तावनेत आमची हिंगोली आहे. टेलर लिहितो, छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. साहेब लोक त्याच्याकडून माल घ्यायचे. खुद्द टेलरनंही घेतलेला. एकदा या हरिसिंगानं मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनल्ड्सकडे मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला. कापड निघालेलं होतंच, पण ते दुसऱ्याच व्यापाऱ्याचं होतं. हरिसिंगानं त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि जनावरं हाकणाऱ्यांना वाटेत मारलं, परवाना दाखवून माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड विकला. पकडला गेल्यावर त्यानं स्वतः सांगितलं म्हणून कळलं. छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसं मारली गेली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर, एका कोरड्या ओहोळात पुरली गेली, असं टेलर म्हणतो. माफीचे साक्षीदार एकेक जागा दाखवत होते, खड्डे उकरले जात होते, तेव्हा तो स्वतः तिथं उभा होता. शेवटी बघवेना, तेव्हा उकरणं थांबवलं.

हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. त्या ओहोळात प्रेतं होती. ती कुणाची तरी माणसं होती. घरी कुणीतरी त्यांची वाट पाहत असेल. वाटमारी करणाऱ्या टोळ्या होत्या, गळ्याला फास लावून मारणारे होते, त्यांना पाठीशी घालून वाटा खाणारे जमीनदारही होते. लुटीचं कापड उघड्या बाजारात खपत होतं, आणि ते घेणाऱ्यांत साहेबही होते.

पण या घटनेपासून पुस्तकापर्यंतची वाट नीट पाहिली पाहिजे. हरिसिंगाशी टेलरची गाठ पडत होती, तेव्हा त्याला काही दिसलं नाही. रोजच्या व्यवहारातला माणूस त्याला कळला नाही. मग अटका झाल्या, जबान्या झाल्या, आणि त्यानंतर त्याला जिकडंतिकडं ठगच दिसू लागले. आधी डोळ्यांवर पडदा होता; मग तो बाजूला सारण्याऐवजी दुसरा पडदा आला. हा दुसरा पडदा जबान्यांचा होता. जबानी देणारा कोण? फाशीच्या दोरातून सुटायचं असेल तर बोललंच पाहिजे, आणि जेवढं बोलेल, जेवढी नावं घेईल तेवढं त्याचं मोल, अशा अवस्थेतला कैदी. टेलरचा अमीर अली ७१९ खुनांत आपण होतो असं सांगतो. हा आकडा मोजायला कुणी बसलं नव्हतं. ऐकणाऱ्याला थरार हवा आहे हे सांगणाऱ्याला कळलेलं होतं.

त्याआधी १८३६ साली विल्यम स्लीमननं ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोशच छापला होता. त्याच वर्षी कायदा झाला की अमुक एक खून केला हे सिद्ध झालं नाही तरी ठगांच्या टोळीत होता एवढं ठरलं की जन्मठेप. अलीकडं किम वॅगनरसारख्या इतिहासकारांनी हे सगळं दप्तर पुन्हा तपासलं. टोळ्या होत्या, दरोडे होते, पण भवानीच्या नावानं बळी देणारा सगळ्या देशभर पसरलेला एक गुप्त पंथ, हे चित्र मुख्यतः अधिकाऱ्यांच्या मांडणीतून उभं राहिलं, असं त्यातून दिसतं. मला ते पटतं. शंभर वेगवेगळ्या टोळ्यांचे शंभर वेगवेगळे गुन्हे कंटाळवाणे असतात. एक पंथ, एक देवी, एक रुमाल हे लक्षात राहतं. आजच्या वृत्तवाहिन्यांवर काम करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि चित्र एकदा लक्षात राहिलं की ते पिढ्यांमागून पिढ्या चालतं. आपल्याकडे 'ठग' म्हणजे फसवणारा, लबाड. इंग्रजीत जाऊन तोच शब्द धटिंगण गुंड झाला. १९३९ मध्ये 'गंगादीन' हा चित्रपट आला, त्यात काली आणि ठग होते. १९८४ मध्ये स्पीलबर्गचा 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम' आला. आपला अमरीश पुरी त्यात मोलाराम झाला होता, आणि राजवाड्यातल्या जेवणावळीत पाहुण्यांना किडे आणि माकडाचा मेंदू वाढला होता. पटकथा पाहून भारत सरकारनं आक्षेप घेतले, म्हणून चित्रीकरण श्रीलंकेत झालं. ज्यांनी हा चित्रपट पाहिला त्यांच्यापैकी कितीजणांना हिंगोलीचं नाव ठाऊक असेल? एकालाही नसेल. पण आमच्या छावणीतल्या त्या ओहोळाची सावली त्यांच्या मनात पडलेली आहे.

देशातही तिचे परिणाम झाले, आणि ते चित्रपटांपेक्षा फार वाईट होते. गुन्हेगारी वंशानुवंश चालते, जन्मानंच येते, ही समजूत ठगांच्या या साहित्यानं घट्ट केली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढं तो पसरत गेला. ज्या जमातीत जन्मला तिच्यावरूनच दप्तरात गुन्हेगार म्हणून नोंद. गावाबाहेर जायचं तर हजेरी. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. कायदा गेला तरी गावातल्या चोरीनंतर पोलीस पहिल्यांदा कुणाच्या पालावर जातात, हे मराठवाड्यात कुणालाही विचारा. या साऱ्याला उत्तर आलं तेही मराठवाड्यातूनच. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या जमातीला आजवर जबानीत बोलायला लावलं गेलं, तिच्यातला माणूस आपण होऊन बोलला. जबानी आणि आत्मकथन दोन्ही 'मी' पासून सुरू होतात. कुणापुढं उभं राहून बोलायचं आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकारानं १९२२ मध्ये 'पब्लिक ओपिनियन' लिहिलं. आपण आधी पाहतो आणि मग ठरवतो असं नसतं. पुष्कळदा आधी ठरलेलं असतं आणि तेच आपण पाहतो, हा त्याचा मुद्दा. त्या आधी ठरलेल्या चित्राला त्यानं छापखान्यातला शब्द दिला, स्टीरिओटाइप, म्हणजे एकदा ओतून ठेवलेला पत्रा. जुळलेला मजकूर त्यात घट्ट होतो, मग हव्या तेवढ्या प्रती काढा, एक अक्षर बदलत नाही. आपल्या मराठीत हे आधीपासून आहे: ठसा उमटतो, छाप पडते. नामदेवांच्या छीपा भाऊबंदांना हे नीट ठाऊक असणार. लाकडी ठसा एकच, पण रंग किती घ्यायचा, कापड कुठलं, हात किती दाबायचा, यावर प्रत्येक नग जरा वेगळा उतरतो. तो माणसाच्या हातचा असतो. पत्र्यावरून निघालेली प्रत हाताची नसते.

मग प्रवास हा यावर उतारा आहे का? प्रत्यक्ष भेटलं की गैरसमज जातात, असं आपण सहज म्हणून टाकतो. रिचर्ड लापिएर या समाजशास्त्रज्ञाचा १९३४ साली छापून आलेला एक प्रयोग इथं सांगण्यासारखा आहे. तो एका चिनी जोडप्याबरोबर मोटारीनं अमेरिकाभर हिंडला. त्या काळी तिथं चिन्यांविषयी उघड द्वेष होता. २५१ खानावळी आणि मुक्कामाच्या ठिकाणी ते गेले; प्रवेश नाकारला गेला तो फक्त एकदा. काही महिन्यांनी लापिएरनं त्याच ठिकाणांना पत्र टाकून विचारलं, तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तरं आली त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी 'नाही' लिहिलं. दारात उभा राहिलेला हसतमुख, नीटनेटका माणूस त्यांना 'चिनी' वाटला नव्हता. तो एक पाहुणा होता. पत्रातला 'चिनी' मात्र वर्तमानपत्रातून, चित्रपटातून डोक्यात बसलेला होता. आणि सगळ्यात चिंतेची गोष्ट अशी की, त्या पाहुण्यांमुळे पत्रातलं उत्तर बदललं नाही. दोन्ही चित्रं एकाच डोक्यात शेजारीशेजारी नांदत होती.

म्हणजे नुसती गाठ पडून भागत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये यावर जे लिहिलं ते अजूनही उपयोगी पडतं. दोन समाजांतली माणसं एकत्र आल्यानं पूर्वग्रह कमी व्हायचा असेल तर त्यांची पातळी बरोबरीची हवी, दोघांचं काम एक हवं, ते काम एकमेकांच्या मदतीनं व्हायला हवं, आणि कायद्याचा, रूढीचा किंवा वडीलधाऱ्यांचा त्याला पाठिंबा हवा. या चार गोष्टी घेऊन छावणीत जाऊन पाहा. टेलर आणि हरिसिंग यांच्यात गाठीभेटी होत्या, पण बरोबरी नव्हती. एक परवाना देणाऱ्यांतला, दुसरा परवाना मागणारा. पुढं तर एक विचारणारा आणि दुसरा बेड्यांतला. टेलर देशी भाषा चांगल्या जाणत होता, या मुलखात त्यानं उभी हयात घालवली, इथल्या माणसांवर त्याचा जीवही होता असं त्याच्या इतर लिखाणावरून वाटतं. शिवकाळावर तुळजापुराच्या परिसरातली 'तारा' ही कादंबरी त्यानंच लिहिली. तरीही लोकांनी उचलून धरलं ते 'कन्फेशन्स'. त्याच्या प्रेमापेक्षा त्याची खुर्ची जास्त प्रभावी ठरली.

नामदेवांपाशी खुर्चीच नव्हती. परक्या मुलखात एक परका माणूस, पदरी सैन्य नाही, परवाना नाही, गावानं घातलं तर जेवायचं. कीर्तनात सगळे एका बाजूला असतात. समोरासमोर कुणी नसतं. घुमानचे लोक त्यांना तपासत नव्हते आणि ते घुमानच्या लोकांना तपासत नव्हते. ऑलपोर्टच्या चारही गोष्टी तिथं होत्या, असं माझं मन म्हणतं.

आमच्या जिल्ह्यातून माणसं आजही प्रवासाला निघतात. मुलाबाळांची लग्नं झाली, सोयाबीनचे पैसे आले की काशी, चारधाम, रामेश्वर. यात्रेची बस ठरते. बसबरोबर आचारी असतो, गॅसच्या टाक्या असतात, ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी असते. वीस दिवस, पाच राज्यं, आणि रोज आपल्याच हातची भाकरी. मी स्वतः अशा दोन यात्रा केल्या आहेत आणि त्यातली माया मला ठाऊक आहे. म्हाताऱ्या माणसांना परमुलखात पोटाचं दुखणं नको, हे त्यात खरं कारण असतं. पण परत आल्यावर 'तिकडची माणसं कशी आहेत' असं कुणी विचारलं, तर आपल्यापाशी सांगायला काय असतं? रिक्षावाल्यानं जास्त पैसे घेतले आणि पंड्यानं छळलं. ज्यांच्याशी आपला फक्त पैशाचा व्यवहार झाला, त्यांच्यावरून आपण एक राज्य ठरवतो. याउलट नांदेडहून अमृतसरला सचखंड एक्स्प्रेसनं जाऊन पाहा. वाटेतल्या स्टेशनांवर लंगरवाले डब्यापाशी येतात, ताटं पुढं करा म्हणतात. कोण कुठला विचारत नाहीत. तो घास खाल्लेला माणूस शिखांविषयी काय बोलतो ते ऐका.

आणि आमच्याकडं जे पाहतात त्यांचं काय? २०१६ सालातली गोष्ट. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. देशभरच्या पडद्यांवर ती दिसली, परदेशातही दिसली. लातूर आमच्यापासून लांब, आमची नदी वेगळी, आमचा पाऊस वेगळा. हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर धरण आहे, हद्दीवर पैनगंगेवरचं इसापूर आहे. पण त्या उन्हाळ्यात पुण्यात शिकणाऱ्या आमच्या मुलांना मेसवाल्यानं विचारलं, तुमच्याकडे आंघोळीला तरी पाणी असतं का रे? 'मराठवाडा' हा एक पत्रा ओतून ठेवला होता: तडकलेली जमीन, कपाळाला हात लावलेला शेतकरी. दुष्काळ खोटा नाही, आत्महत्या खोट्या नाहीत. ज्या घरात झाली त्या घरात मी जाऊन बसलो आहे. पण त्या घरात ते दुःख सोडून दुसरंही काही होतं. पोरगी बारावीला होती. हळद शिजवायच्या कढईचं भाडं थकलं होतं. आजी नातवाला रागवत होती. छायाचित्रात फक्त कपाळावरचा हात आला.

त्याच २०१६ च्या फेब्रुवारीत आणखी एक बातमी होती. गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर झालं आणि पाठोपाठ भारतातल्या लायगो वेधशाळेला केंद्र सरकारची तत्त्वतः मंजुरी मिळाली. ती उभी राहायची आहे औंढा नागनाथ तालुक्यात. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, अणूच्या केंद्रापेक्षाही बारीक थरथर मोजणारं यंत्र. २०२३ मध्ये २,६०० कोटींच्या प्रकल्पाला अंतिम मंजुरी आली. बातम्यांत शब्द होते, 'मागास हिंगोलीत'. जागा निवडणाऱ्यांनी मात्र मागासपणा पाहिला नव्हता. शांत जमीन पाहिली होती, वर्दळ कमी असलेली. एकाच वर्षी दोघे आमच्याकडं पाहत होते. एकाला तहान दिसली, एकाला शांतता.

आम्ही स्वतःचं चित्र स्वतः काढतो, तेव्हा ते कसं असतं? वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिंगोलीच्या बाजार समितीत हळदीचं जे यार्ड आहे, त्याला संत नामदेवांचं नाव आहे. हंगामात तिथं गेलं की पिवळ्या धुळीनं शर्ट, पापण्या, मोबाईलचा पडदा, सगळं रंगतं. बाहेरच्या व्यापाऱ्यांच्या आणि हमालांच्या चार भाषा कानावर पडतात. त्या व्यापाऱ्यांपैकी कुणी आपल्या गावी जाऊन हिंगोलीविषयी काय सांगत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. पाऊस-दुष्काळ नक्कीच सांगत नसेल. भाव, ओलावा, आणि तोलाई चोख आहे की नाही, ते सांगत असेल.

औंढ्याचे ते सरदारजी त्या दिवशी पुढं नर्सीला जाणार होते. मी त्यांच्या बसमधून गेलो. आषाढी संपवून परतणारे वारकरी वद्य एकादशीला नर्सीला येतात, तिला आमच्याकडं परतवारी म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं. तेव्हा ते गप्प झाले, आणि मग त्यांनी विचारलं, तुम्ही इथं नामदेवजींचं कुठलं पद गाता? मी माझ्या आईच्या तोंडी असलेला एक अभंग म्हटला. आवाज काही गोड नाही माझा. त्यांनी पिशवीतून जुनी डायरी काढली आणि गुरुमुखीत एकेक ओळ उतरवून घेऊ लागले. मी सावकाश सांगत होतो. एका ओळीत 'ळ' आला. उत्तरेकडच्या माणसाच्या जिभेला हा जमायचा नाही, तो 'ल' म्हणणार, या खात्रीनं मी तो शब्द फोड करून, दोनदा, मोठ्यानं उच्चारला.

त्यांनी तो पहिल्याच वेळी लख्ख म्हटला, माझ्यासारखाच.

"ये तो हमारे यहाँ भी है, मास्टरजी," ते म्हणाले आणि डायरी माझ्याकडं सरकवून म्हणाले, आता तुम्ही आमचं एक लिहून घ्या.